तेच पुस्तक, तोच वर्ग : स्थलांतरित कुटुंबांतील विद्यार्थी आणि समान संधीचा प्रश्न

प्रास्ताविक

“मी वर्गात कोणामध्ये भेद करीत नाही, सर्वांना सारखेच शिकवितो” हे वाक्य महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये वारंवार ऐकू येते आणि बहुतेक वेळा ते प्रामाणिकपणे उच्चारलेले असते. जात, धर्म, श्रीमंती-गरिबी यांकडे न पाहता सर्वांपुढे एकच पुस्तक ठेवणे, एकच व्याख्यान देणे आणि एकाच मापाने उत्तरपत्रिका तपासणे याला आपण समानता म्हणतो. परंतु ज्या विद्यार्थ्याच्या घरी एक भाषा आणि वर्गात दुसरी भाषा आहे, त्याच्या बाबतीत ही समानता पुरेशी ठरते काय? प्रस्तुत लेखात या एकाच प्रश्नाचा ऊहापोह करावयाचा आहे.

त्यासाठी अमेरिकेचा अनुभव निवडला आहे. तेथील शाळा आदर्श आहेत म्हणून नव्हे. तेथे हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत न राहता न्यायालयात गेला आणि दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे उघडपणे मांडावे लागले, हे त्याचे कारण. शिवाय प्रश्नाचा आवाका मोठा आहे. २०२१ साली अमेरिकेच्या सार्वजनिक शाळांत ‘इंग्रजी शिकणारे विद्यार्थी’ म्हणून नोंदलेली मुले ५० लाखांहून अधिक, म्हणजे साधारणतः दहांत एक, होती. यांतील बहुसंख्य मुले अमेरिकेतच जन्मलेली असतात, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. स्थलांतर आईवडिलांनी केलेले असते. भाषेचे अंतर मात्र मुलांच्या वाट्याला येते.

सॅन फ्रान्सिस्को, १९७४

कॅलिफोर्नियातील चिनी वस्ती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या खाणी आणि रेल्वेमार्गाच्या कामासाठी चिनी मजूर तेथे आले. १८८२ साली कायदा करून त्यांचे येणे बंद करण्यात आले. १८८५ मध्ये एका चिनी मुलीला सार्वजनिक शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला, तेव्हा शिक्षणमंडळाने चिनी मुलांसाठी निराळी शाळा काढून त्या निकालाला बगल दिली. १९४३ साली बंदी उठली आणि १९६५ च्या कायद्याने आशियाई देशांतून येणाऱ्यांना दार मोकळे झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत चिनी मुलांची संख्या पुन्हा वाढू लागली. आता त्यांना कोणी शाळेबाहेर ठेवीत नव्हते. १९७१ मध्ये तर संघराज्याच्या न्यायालयाच्या आदेशाने शहरातील सर्व वंशांच्या मुलांचे एकत्रीकरणही झाले होते.

मुले वर्गात बसली, पण पुढे काय झाले ते आकड्यांवरून दिसते. इंग्रजी न येणारे चिनी वंशाचे २,८५६ विद्यार्थी त्या वेळी शहराच्या शाळांत होते. त्यांपैकी सुमारे १,००० जणांना इंग्रजीचे पूरक शिक्षण मिळत होते. उरलेले सुमारे १,८०० विद्यार्थी शिक्षक काय बोलतात हे न कळता दिवसभर बाकावर बसत. त्यांच्या वतीने दाखल झालेला दावा ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या नावाने प्रसिद्ध आहे.

खालच्या न्यायालयांत विद्यार्थी हरले. शाळाखात्याचे म्हणणे थोडक्यात असे होते : या मुलांना इतरांसारख्याच इमारती, तीच पुस्तके, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम दिला आहे, मग भेदभाव कोठे झाला? अपील न्यायालयानेही ते मान्य केले. प्रत्येक मूल आपापल्या कौटुंबिक व सामाजिक परिस्थितीतून काही अनुकूल, काही प्रतिकूल गोष्टी घेऊनच शर्यतीच्या रेषेवर येते आणि त्याला शाळा जबाबदार नाही, असा त्या न्यायालयाचा विचार होता. हा युक्तिवाद आपण परकीय समजू नये. ‘घरचे वातावरणच तसे आहे, त्याला आम्ही काय करणार’ हे त्याचेच मराठी रूप आहे.

२१ जानेवारी १९७४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल एकमताने फिरविला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा आशय असा, की समान सुविधा, समान पाठ्यपुस्तके, समान शिक्षक आणि समान अभ्यासक्रम एवढ्यानेच समान वागणूक दिली असे होत नाही. ज्याला इंग्रजी कळतच नाही त्याच्यासाठी अर्थपूर्ण शिक्षणाचा मार्ग प्रत्यक्षात बंदच राहतो. न्यायालयाने आणखी एक विसंगती दाखवून दिली. कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार इंग्रजीत ठरावीक प्रावीण्य नसेल तर बारावीचे प्रमाणपत्र मिळत नसे. म्हणजे जी गोष्ट शाळेने द्यावयाची तीच प्रवेशाच्या वेळी मुलाजवळ असली पाहिजे अशी अपेक्षा शाळा करीत होती. न्यायालयाच्या मते ही सार्वजनिक शिक्षणाची थट्टा होती.

या निकालात जे नाही तेही महत्त्वाचे आहे. मुलांना चिनी भाषेतून शिकवा असे न्यायालयाने म्हटले नाही आणि इंग्रजीचेच वर्ग चालवा असेही म्हटले नाही. दोन्ही मार्ग शक्य आहेत, आणखीही असू शकतील, काही तरी करा, एवढेच सांगितले. निकालाचा आधारही संविधानातील समतेचे कलम हा नव्हता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार संघराज्याचे अनुदान घेणाऱ्या संस्थेला वंश वा राष्ट्रीय मूळ यावरून भेद करता येत नाही, त्या तरतुदीचा आधार होता. अनुदान घेता तर अटी पाळा, असे हे साधे तत्त्व. अनुदानित संस्थांत काम करणाऱ्या वाचकांना ते समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे २००१ मधील एका वेगळ्या निकालाने हा आधार बराच अरुंद केला. तथापि लाऊ निकालानंतर काही महिन्यांतच, १९७४ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकी काँग्रेसने समान शैक्षणिक संधी कायदा केला आणि भाषेचा अडसर दूर करण्यासाठी योग्य ती कृती करणे हे शाळांचे कर्तव्य ठरविले. तो कायदा आजही लागू आहे.

‘योग्य कृती’ म्हणजे काय?

काही तरी करा म्हटले की काही तरीच केले जाते. आठवड्यातून एक तास जादा वर्ग, तोही ज्या शिक्षकाचा कार्यभार कमी पडतो त्याच्याकडे, हा प्रकार अमेरिकेत घडला आणि आपल्याकडेही नवा नाही. टेक्सासमधील रेमंडव्हिल या गावच्या मेक्सिकन-अमेरिकन पालकांनी केलेल्या दाव्यात, ‘कास्तान्येदा विरुद्ध पिकार्ड’ या खटल्यात, १९८१ साली अपील न्यायालयाने यासाठी तीन प्रश्नांची कसोटी घालून दिली. शाळेने निवडलेली पद्धत जाणकारांना मान्य अशा एखाद्या शैक्षणिक विचारावर आधारलेली आहे काय? ती पद्धत राबविण्यासाठी प्रशिक्षित शिक्षक, साहित्य व वेळ खरोखर पुरविला आहे काय? आणि पुरेसा काळ लोटल्यावर मुलांचा अडसर प्रत्यक्षात दूर होतो आहे, असे निकालांवरून दिसते काय?

माझ्या मते लाऊ निकालापेक्षाही हे तीन प्रश्न शिक्षकांना अधिक उपयोगी आहेत. त्यांत कोणत्याही एका पद्धतीचा आग्रह नाही. मात्र पहिल्या प्रश्नावर थांबण्याची सोयही नाही. बहुतेक योजना कागदावर पहिल्या प्रश्नाला उत्तीर्ण होतात, दुसऱ्याला अडखळतात आणि तिसरा प्रश्न कोणी विचारीतच नाही.

पद्धतीविषयीचा वाद अमेरिकेत संपलेला नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९८ मध्ये द्विभाषिक शिक्षणावर कठोर निर्बंध घातले आणि २०१६ मध्ये त्याच राज्याच्या मतदारांनी ते मोठ्या प्रमाणात काढून टाकले. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही प्रथमच देशाची अधिकृत भाषा ठरली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संघराज्याच्या शिक्षणखात्याने या मुलांविषयीची २०१५ ची सविस्तर मार्गदर्शिका मागे घेतली. राजकारणाचा वारा फिरला की मार्गदर्शिका जातात. कायदा मात्र राहिला.

दारातच अडविलेली मुले

भाषेचा प्रश्न वर्गात आल्यानंतरचा. त्याआधी दार असते. १९७५ साली टेक्सासने आपल्या शिक्षण कायद्यात बदल करून, कायदेशीर कागदपत्रांशिवाय देशात आलेल्या मुलांसाठी शाळांना राज्याचा निधी मिळणार नाही असे ठरविले. गुलाबाच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या टायलर गावच्या शाळाखात्याने १९७७ मध्ये अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,००० डॉलर फी मागितली. गुलाबाच्या मळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांना ती परवडणे शक्यच नव्हते. काही कुटुंबांनी दावा केला. न्यायालयात गेल्यावर आपण पकडले जाऊ, ही भीती त्यांना होती. म्हणून न्यायाधीशांनी पहिली सुनावणी भल्या सकाळी ठेवली आणि मुलांची खरी नावे नोंदविली नाहीत.

‘प्लायलर विरुद्ध डो’ हा खटला १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी मुलांच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती ब्रेनन यांचा मुख्य मुद्दा असा होता, की सीमा ओलांडण्याचा निर्णय मुलांचा नव्हता. आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना आयुष्यभराच्या निरक्षरतेच्या रूपाने देता येणार नाही, आणि असा निरक्षर वर्ग निर्माण करून राज्याचे काही भलेही होत नाही. या निकालामुळे बारावीपर्यंतचे दार उघडले. महाविद्यालयाचे उघडले नाही. तेथे प्रत्येक राज्य आपले धोरण ठरविते आणि ते बदलतही राहते. टेक्सासनेच २००१ साली, राज्यात शाळा पूर्ण केलेल्या अशा विद्यार्थ्यांना स्थानिकांच्या दराने फी भरण्याची सवलत देऊन पुढाकार घेतला होता. जून २०२५ मध्ये संघराज्य सरकारच्या दाव्यात राज्य सरकारने प्रतिवादच केला नाही आणि ती सवलत संपुष्टात आली. अर्धा अभ्यासक्रम पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याची फी एकाएकी कित्येक पटींनी वाढणे म्हणजे काय, हे महाविद्यालयीन शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा

आता वर्गाकडे वळू. ‘तो तर फाडफाड बोलतो, मग लिहिताना काय होते?’ हा शिक्षकांना पडणारा सर्वांत सामान्य प्रश्न. कॅनडातील संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ साली त्याचे एक उत्तर मांडले. दैनंदिन संभाषणाची भाषा आणि अभ्यासक्रमाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संभाषणात समोरच्याचा चेहरा, हातवारे, प्रसंग हे सर्व अर्थ लावण्यास मदत करतात. पाठ्यपुस्तकाच्या पानावर यांपैकी काहीच नसते. अर्थ केवळ शब्दांतून आणि वाक्यरचनेतून काढावा लागतो. टोरांटोतील स्थलांतरित मुलांच्या अभ्यासावरून त्यांनी दाखविले, की संभाषणाची सफाई साधारणतः दोन वर्षांत येते, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांपर्यंत पोहोचण्यास पाच ते सात वर्षे लागतात.

या विभागणीवर पुढे टीका झाली. ती फार ढोबळ आहे, आणि ‘अभ्यासाची भाषा नसलेले’ असा नवा शिक्का तिच्यामुळे मुलांवर बसतो, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. टीकेत तथ्य आहे. परंतु शिक्षकाच्या दृष्टीने त्यातील इशारा मोलाचा आहे. दोन वर्षांनी मूल नीट बोलू लागले की त्याचे साहाय्य थांबते, आणि त्यानंतर ते मागे पडले की दोष भाषेला न देता बुद्धीला दिला जातो. मूल मंद आहे असा निष्कर्ष निघतो तो नेमका याच टप्प्यावर.

आपल्याकडचे उदाहरण घेतले तर हे लगेच ध्यानात येईल. बेळगावच्या बाजारात दिवसभर मराठीत व्यवहार करणारा दखनीभाषक विद्यार्थी ‘चिकित्सक परीक्षण करा’, ‘विशद करा’, ‘तात्त्विक अधिष्ठान स्पष्ट करा’ असे प्रश्न वाचून थबकतो. त्याला विषय येत नाही असे नाही; प्रश्न काय मागतो आहे ते कळत नाही. हे शब्द बाजारात मिळत नाहीत, घरातही मिळत नाहीत. ते शिकविले तरच येतात, आणि ते आपल्या विषयाच्या तासाला शिकवावयाचे असतात असे आपल्यापैकी फार थोड्यांना वाटते. वास्तविक मराठी घरांतील अनेक विद्यार्थीही तेथेच अडखळतात, पण ते निराळे.

जॉय रीड या अमेरिकी अध्यापिकेने १९९८ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक उपयुक्त भेद केला. परदेशात शिकून उच्च शिक्षणासाठी आलेला विद्यार्थी इंग्रजी ‘डोळ्यांनी’, म्हणजे पुस्तके व व्याकरण वाचून शिकलेला असतो. त्याला नियम सांगता येतात, पण बोलताना तो अडतो. लहानपणी आईवडिलांबरोबर येऊन तेथेच वाढलेला विद्यार्थी ती ‘कानांनी’ शिकलेला असतो. तो सहज बोलतो आणि जसे ऐकले तसे लिहितो. व्याकरणाच्या परिभाषेत दिलेली सुधारणा पहिल्याला उपयोगी पडते, दुसऱ्याला त्यातील एक अक्षरही कळत नाही. दोघांना एकाच पूरक वर्गात बसविणे म्हणजे पुन्हा ‘सर्वांना सारखेच’.

चुकांचे तर्कशास्त्र

न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने १९७० साली आपली महाविद्यालये शहरातील प्रत्येक शालान्त पदवीधराला खुली केली. एका वर्षात वर्गांचे रूप पालटले. कृष्णवर्णीय, प्वेर्तो रिकन, चिनी, इटालियन, ग्रीक अशा घरांतील, आणि घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारी मुले आली. त्यांनी लिहिलेले पहिले निबंध पाहून अनेक प्राध्यापकांनी हात टेकले. मीना शॉनेसी यांनी त्या निबंधांवरच काम केले. १९७० ते १९७४ या काळातील सुमारे ४,००० निबंध अभ्यासून १९७७ मध्ये त्यांनी लिहिलेले ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे पुस्तक अशा अध्यापनातील मैलाचा दगड मानले जाते. त्यांचे प्रतिपादन असे, की या चुका बेफिकिरीच्या नाहीत आणि अडाणीपणाच्याही नाहीत. त्यांच्या मागे काही एक तर्क असतो. तो शोधला तर चूक शिकविण्याचे साधन बनते. नुसता लाल शाईचा गोल काढला तर विद्यार्थी पुढच्या वेळी कमी लिहितो, इतकेच.

हे मराठीच्या वर्गात करून पाहण्यासारखे आहे. ‘तो पुस्तक वाचला’ असे वाक्य दखनी बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत आढळते. शिक्षक ते खोडून ‘त्याने पुस्तक वाचले’ असे लिहितात आणि पुढच्या निबंधात तीच चूक पुन्हा येते. कारण दखनीत ‘वो किताब पढ्या’ असेच म्हणतात. प्रमाण हिंदी-उर्दूतील ‘ने’ तेथे सहसा वापरत नाहीत. कन्नडमध्येही भूतकाळात कर्त्याचे रूप बदलत नाही. विद्यार्थ्याने आपल्या भाषेचा नियम काटेकोरपणे पाळला आहे, फक्त तो मराठीचा नियम नाही. तीच गोष्ट लिंगाची. उर्दूत आणि दखनीत दोनच लिंगे, मराठीत तीन. म्हणून ‘माझी पुस्तक’. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, म्हणून कन्नडभाषक मुलाचा कल ‘ते खुर्ची’ म्हणण्याकडे. दखनीत ‘ण’ आणि ‘ळ’ या ध्वनींना स्थान नाही, म्हणून ‘पानी’ आणि ‘बाल’. हे चार-पाच नियम एका तासात फळ्यावर शेजारी शेजारी मांडता येतात. मग विद्यार्थ्याला आपल्या पन्नास चुका दिसत नाहीत, चार-पाच दिसतात. त्याचे मनोधैर्य टिकते आणि शिक्षकाचे तपासणीचे कामही हलके होते.

घराकडे वळून पाहणे

अॅरिझोना राज्यातील टूसॉन येथे लुइस मोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळा प्रयोग केला, ज्याचा वृत्तान्त १९९२ साली प्रसिद्ध झाला. शाळेतील शिक्षक मेक्सिकन कामगारांच्या घरी गेले ते तक्रार सांगण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी. शेती, खाणकाम, बांधकाम, यंत्रदुरुस्ती, औषधी वनस्पती, सीमेपलीकडील व्यापार अशा किती तरी गोष्टींचे ज्ञान त्या घरांत होते. एक विद्यार्थी मेक्सिकोहून आणलेली मिठाई शेजारपाजारी विकतो असे एका शिक्षिकेला कळले. तिने त्यावरून मिठाईतील घटक, किमती व विक्री यांचा एक पाठच तयार केला आणि एका मुलाची आई वर्गात येऊन मिठाई करून दाखवून गेली. गणित आणि विज्ञान तेच, फक्त सुरुवात मुलाच्या अंगणातून.

दुसरी बाजूही विसरता येत नाही. मार्सेलो आणि कॅरोला सुआरेझ-ओरोस्को यांनी चीन, मेक्सिको, मध्य अमेरिका, हैती व डॉमिनिकन प्रजासत्ताक येथून आलेल्या सुमारे ४०० मुलांचा पाच वर्षे पाठपुरावा केला. तो २००८ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यांपैकी पुष्कळ मुले स्थलांतराच्या काळात आई वा वडिलांपासून दुरावलेली होती. अनेकांचे गुण काळाबरोबर वाढण्याऐवजी घटत गेले. शाळेत आपली विचारपूस करणारा एखादा मोठा माणूस असणे ही गोष्ट मुलाचे अभ्यासात मन राहण्यासाठी किती महत्त्वाची असते, हे या अभ्यासातून पुन:पुन्हा पुढे आले.

कम्युनिटी कॉलेजची चाळणी

अमेरिकेत दोन वर्षांचे, कमी फीचे आणि सर्वांना प्रवेश देणारे महाविद्यालय म्हणजे कम्युनिटी कॉलेज. अशा पद्धतीचे पहिले सार्वजनिक महाविद्यालय १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे निघाले. स्थलांतरित कुटुंबांतील विद्यार्थ्यांचा उच्च शिक्षणाचा रस्ता फार मोठ्या प्रमाणावर याच दारातून जातो. दार मोकळे होते, पण आत एक चाळणी होती. प्रवेशानंतर पातळी ठरविणारी एक छोटी चाचणी घेत आणि तीत कमी गुण पडले की पदवीसाठी न धरल्या जाणाऱ्या उपचारात्मक वर्गांत पाठवीत. एकामागून एक असे तीन-चार वर्ग करता करता विद्यार्थ्याची वर्षे, पैसे आणि उमेद संपत असे. कित्येक जण मूळ अभ्यासक्रमापर्यंत पोहोचतच नसत.

कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून ही चाळणी बदलली. केवळ एका चाचणीवरून नव्हे, तर शाळेतील गुण व अभ्यासक्रम पाहून स्थान ठरवावे आणि विद्यार्थी एका वर्षात विद्यापीठाला मान्य असलेल्या इंग्रजी व गणिताच्या अभ्यासक्रमापर्यंत जाण्याची शक्यता जास्तीत जास्त वाढवावी, असे बंधन महाविद्यालयांवर आले. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांसाठी ही मुदत तीन वर्षांची ठेवली. त्या कायद्यात एक भेद स्पष्टपणे केला आहे. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणे वेगळे आणि राहिलेली उणीव भरून काढणे वेगळे. दुसरी भाषा शिकणारा विद्यार्थी कच्चा नसतो. तो एक भाषा जाणून दुसरी शिकत असतो. आपल्या ‘रेमेडियल’ वर्गांच्या फलकांकडे पाहताना हा भेद आठवावा.

एक निष्कर्ष मात्र अप्रिय आहे. कॅरोला सुआरेझ-ओरोस्को व सहकाऱ्यांनी तीन कम्युनिटी कॉलेजांतील ६० वर्गांत बसून निरीक्षण केले आणि २०१५ मध्ये ते प्रसिद्ध केले. जवळजवळ ३० टक्के वर्गांत विद्यार्थ्यांना लागतील असे टोमणे वा शेरे नोंदले गेले. ते सर्वाधिक वेळा शिक्षकांकडूनच आले होते आणि त्यांतील बरेचसे बुद्धीविषयी होते. ‘हे तरी समजते का?’, ‘शाळेत काय शिकून आलात?’ असे शेरे आपल्याकडे विनोद म्हणून खपतात. वर्ग हसतो. ज्याच्यावर शेरा आहे तो पुढच्या तासाला मागच्या बाकावर जातो.

आपल्या वर्गांशी दुवा

आपल्याकडील स्थलांतर बहुतांशी देशांतर्गत आहे आणि येणारा विद्यार्थी या देशाचा नागरिक असतो. त्यामुळे प्लायलर खटल्यातील नागरिकत्वाचा प्रश्न येथे तसा लागू होत नाही. पण उत्तर कर्नाटकातून गोव्यात बांधकामावर आलेल्या मजुरांची, किंवा बीडकडून ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या फडांवर दरवर्षी जाणाऱ्या कुटुंबांची मुले कागदाच्या एका तुकड्यासाठी दारात अडत आली आहेत. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयोगटापुरता हा प्रश्न सोडविला आहे : वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शाळा सोडल्याचा दाखला येण्यास उशीर झाला म्हणून थांबविता येत नाही, आणि वयानुरूप वर्गात बसविलेल्या मुलाला बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे संविधानाचे कलम ३५०-अ १९५६ पासून सांगते. चौदाव्या वर्षानंतर हे सारे संरक्षण विरळ होते. विद्यार्थी महाविद्यालयात येतो तेव्हा त्याच्यासाठी कोणतेही कलम नसते, असतो तो फक्त वर्गातील शिक्षक.

या शिक्षकाच्या हाती काय आहे? पाठ्यक्रम त्याच्या हाती नाही, विद्यापीठाची प्रश्नपत्रिकाही नाही. परंतु पहिल्या महिन्यात प्रश्नपत्रिकेतील शब्दांचे अर्थ फळ्यावर देणे, अंतर्गत परीक्षेत आशयाचे गुण भाषेच्या गुणांपासून वेगळे ठेवणे, आधी आपल्या भाषेत चर्चा करून मग मराठीत वा इंग्रजीत लिहिण्यास दहा मिनिटे देणे, या गोष्टींना कोणाची परवानगी लागत नाही. समान भाषेच्या दोन विद्यार्थ्यांना शेजारी बसवू नये, नाहीतर ते आपसांत त्यांच्याच भाषेत बोलतात, असा एक समज रूढ आहे. बोलू द्यावे. विषय त्या भाषेत समजला तर तो दुसऱ्या भाषेत नेता येतो. विषयच समजला नाही तर नेण्यासारखे काहीच उरत नाही.

संस्थेच्या पातळीवर कास्तान्येदा कसोटीतील तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करणे सर्वांत स्वस्त पडेल. प्रवेश अर्जावर मातृभाषेचा रकाना असतो. तो भरला जातो आणि कपाटात जातो. प्रथम वर्षाचा निकाल त्या रकान्याशी जुळवून पाहावा : कोणत्या घरभाषेचे किती विद्यार्थी बसले, किती उत्तीर्ण झाले, किती जणांनी दुसऱ्या सत्रात येणे सोडले, आणि पूरक वर्गाला बसलेल्यांचे पुढे काय झाले. कार्यालयातील एका लिपिकाचे हे दोन दिवसांचे काम आहे. तीन वर्षांचे आकडे हाती आले म्हणजे पूरक वर्ग कोणासाठी, कोणत्या विषयात आणि किती काळ चालवावा यावर स्टाफ मीटिंगमध्ये अंदाजाऐवजी माहितीवर बोलता येईल.